टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या आणि सोपाऱ्याची पेटी



धम्मबांधवांनो आणि भगिनींनो, विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की तिच्यात विहाराचा इतिहास असणार, देणगीदारांची यादी असणार, हे ओघानेच आले. यंदा मात्र आम्ही थोडी वेगळी वाट धरली आहे. सापगावपासून शंभरेक किलोमीटरच्या आत, मुंबईच्या फोर्ट भागात एक जुनी दगडी इमारत उभी आहे. जुने लोक तिला ‘टाऊन हॉल’ म्हणतात. आज ती एशियाटिक सोसायटीची इमारत म्हणून ओळखली जाते. सिनेमात ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. रुंद पांढऱ्या पायऱ्या आणि वर जाडजूड खांब असा तो देखावा. पण त्या इमारतीचा आणि आपला काय संबंध, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्हालाही परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तोच सांगण्याचा हा प्रयत्न.

सभागृह ही आपलीच जुनी गोष्ट

टाऊन हॉल म्हणजे नगराचे सभागृह. गावकीची बैठक जशी चावडीवर, तशी शहराची बैठक टाऊन हॉलमध्ये. ही कल्पना साहेबलोकांनी जहाजातून आणली असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. भगवान बुद्धांच्या काळी शाक्य, मल्ल, लिच्छवी यांची गणराज्ये होती. त्यांच्या प्रत्येक नगरात एक सभागृह असे. पाली भाषेत त्याला ‘संथागार’ म्हणतात. लोकांनी एकत्र बसायचे, बोलायचे, वाद घालायचा आणि मग निर्णय करायचा, अशी ती जागा. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे संथागार बांधले तेव्हा त्याचा पहिला वापर भगवंतांनी करावा म्हणून त्यांनी त्यांना आमंत्रण दिले, अशी हकिगत त्रिपिटकात आहे. नव्या वास्तूत आधी ज्ञानी माणसाचे पाय लागावेत आणि त्याचा शब्द घुमावा, ही त्यामागची भावना.

आणि दुसरी हकिगत त्याहून महत्त्वाची. कुसिनारा येथे महापरिनिर्वाण झाल्यावर भगवंतांच्या अस्थी कुठे ठेवल्या? राजवाड्यात नाही, देवळात नाही. मल्लांनी त्या आपल्या संथागारात, म्हणजे नगराच्या सभागृहात, सात दिवस ठेवल्या. पुढे द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे आठ वाटे केले. ही गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी. लेखाच्या शेवटी तिच्याकडेच यायचे आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत जे भाषण केले, त्यातही त्यांनी हाच धागा पकडला होता. संसद ही भारताला नवीन नाही, भिक्खू संघाच्या बैठकीत ठराव, मतदान, गणसंख्या असे सगळे नियम होते, असे त्यांनी तिथे बजावून सांगितले. तेव्हा सभागृहाचा इतिहास वाचणे म्हणजे परक्याच्या घरात डोकावणे नव्हे. आपल्याच घराची जुनी खोली उघडून बघण्यासारखे ते आहे.

इमारत कशी उभी राहिली

आता मुंबईकडे वळू. सर जेम्स मॅकिंटॉश हे त्या वेळी मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश होते. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी त्यांनी परळच्या सरकारी बंगल्यात काही मंडळी जमवून ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली. पूर्वेकडच्या देशांचा इतिहास, भाषा आणि शास्त्रे यांचा अभ्यास करणे हा तिचा हेतू. परळचा तो बंगला म्हणजे आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. पुढे १८३० च्या सुमारास ही संस्था लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. १९५० च्या दशकात ती ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ झाली आणि २००२ पासून ‘मुंबई’ हे नाव तिच्या नावात आले.

शहराला एक सभागृह हवे, त्यात ग्रंथालय हवे, ही कल्पनाही मॅकिंटॉश यांच्याच वेळची, १८११ सालची. पण पैसा कुठून आणायचा? तेव्हा लॉटरी काढण्याची युक्ती निघाली. वाचकांना हसू येईल, पण मुंबईची ही भारदस्त इमारत लॉटरीच्या तिकिटांपासून सुरू झाली! लॉटऱ्या निघाल्या, पण पैसा पुरेना. बांधकाम प्रत्यक्ष सुरू झाले ते १८२१ साली. तेही रेंगाळले, आणि शेवटी सरकारला खर्चाचा भार उचलावा लागला. १८३३ साली इमारत पुरी झाली. म्हणजे कल्पनेपासून कळसापर्यंत बावीस वर्षे लागली. आपल्या विहाराच्या स्लॅबला वेळ लागला म्हणून जी मंडळी कुरकुर करत होती, त्यांनी हे जरूर वाचावे.

नकाशा केला कर्नल थॉमस कूपर या बॉम्बे इंजिनियर्सच्या अधिकाऱ्याने. इमारत पुरी झालेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या इंजिनियरांनी काम तडीस नेले. त्या काळी विलायतेत जुन्या ग्रीक देवळांसारख्या इमारती बांधण्याची लाट होती. तीच लाट इथे आली. पुढच्या बाजूला आठ खांब आहेत. या खांबांची तऱ्हा ‘डोरिक’ म्हणून ओळखली जाते. अंगाला उभ्या पन्हळी, वर साधा माथा, नक्षीकाम जवळजवळ नाहीच. खांबांच्या वर त्रिकोणी कपाळपट्टी. समोरून इमारतीची रुंदी सुमारे २०० फूट आणि उंची सुमारे १०० फूट सांगतात. रस्त्यापासून वर जायला तीस पायऱ्या. तळमजला कचेऱ्या आणि दप्तरासाठी, वरचा मजला सभागृहासाठी आणि ग्रंथालयासाठी, अशी रचना. आत लाकडी जमीन, लोखंडाचे जाळीदार कठडे आणि वळणावळणाचे जिने आहेत.

खांबांबद्दल एक गंमतीची गोष्ट सांगतात. खांब विलायतेहून जहाजाने आले. पण ते इतके मोठे निघाले की त्यातले काही इथे न वापरता भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला देऊन टाकले. दगड आमच्या सह्याद्रीत काय कमी आहे? कार्ल्याचे लेणे, कान्हेरीचे लेणे याच दगडात कोरलेले आहे. तरी खांब बोटीतून आले, असा तो काळ.

एक गोष्ट मात्र खटकते. इमारतीच्या हकिगतीत न्यायाधीशाचे नाव येते, इंजिनियरचे येते, गव्हर्नरांचे येते. ज्यांनी पाया खणला, चुना मळला, दगड डोक्यावरून वाहिले, त्यांचे नाव कुठेच येत नाही. बारा वर्षे ते काम चालले होते. ते हात कोणाचे असतील, हे ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

या छपराखाली काय काय झाले

इमारत उभी राहिली तेव्हा तिच्यासमोर मोकळे मैदान होते. तिथे कापसाच्या गासड्या पडलेल्या असत. पुढे तिथे गोल बाग आणि तिच्याभोवती एकसारख्या इमारती झाल्या. तेच आजचे हॉर्निमन सर्कल. १ नोव्हेंबर १८५८ रोजी कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आल्याचा जाहीरनामा याच टाऊन हॉलच्या पायऱ्यांवरून वाचला गेला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, पण त्याला स्वतःची इमारत नव्हती. १८७४ पर्यंत विद्यापीठाचा कारभार या टाऊन हॉलमधूनच चालत असे. २२ जानेवारी १८६२ रोजी गव्हर्नरच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक याच इमारतीतल्या दरबार हॉलमध्ये भरली. आजच्या महाराष्ट्र विधिमंडळाची मुळे शोधत गेले तर ती इथवर जातात.

आत गेल्यावर दिसतात ते संगमरवरी पुतळे. गव्हर्नर एल्फिन्स्टन, माल्कम, तसेच सर जमशेटजी जिजीभाई, नाना शंकरशेट असे थोरामोठ्यांचे पुतळे तिथे आहेत. ग्रंथालयात लाखावर ग्रंथ आहेत. इटलीचा महाकवी दांते याच्या महाकाव्याची फार जुनी हस्तलिखित प्रत आहे. ती परत मिळावी म्हणून इटलीच्या मुसोलिनीने दहा लाख पौंड देऊ केले होते आणि सोसायटीने नकार दिला, असे सांगतात.

पण हे सगळे कोणासाठी होते? सोसायटीचे दार सुरुवातीला हिंदी माणसाला बंद होते. मानकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना पहिले हिंदी सभासद म्हणून आत घेतले ते १८४० साली. म्हणजे संस्था स्थापन झाल्यावर छत्तीस वर्षांनी. त्यानंतर पारशी आले, गुजराती आले, ब्राह्मण, प्रभू, सोनार समाजातले विद्वान आले. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांनी तिथे मोठे काम केले, ते आम्ही मानतो. पण आपल्या समाजासाठी शाळेचीच पायरी जिथे बंद होती, तिथे टाऊन हॉलच्या तीस पायऱ्यांची गोष्ट कशाला?

१८८२ : सोपाऱ्याचा स्तूप

आणि आता खरी गोष्ट. आपण जरी त्या पायऱ्या चढलो नव्हतो, तरी आपले भगवान मात्र त्या चढून केव्हाच आत जाऊन बसले होते.

वसईजवळचे नालासोपारा आता पालघर जिल्ह्यात मोडते. पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते आपल्या ठाणे जिल्ह्यातलेच. प्राचीन काळी त्याचे नाव ‘सुप्पारक’, ‘शूर्पारक’ किंवा ‘सोपारक’. मोठे बंदर होते. सम्राट अशोकाचा शिलालेख तिथे होता. त्यातल्या आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ साली सापडला आणि नवव्या आज्ञेचा तुकडा जवळच्या भुईगावला १९५६ साली मिळाला. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेच हे वर्ष, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. सोपाऱ्याचा पूर्ण नावाचा व्यापारी भगवंतांचा शिष्य झाला, अशी कथा बौद्ध ग्रंथांत आहे. पाली सुत्तातही पुण्ण नावाचे भिक्खू येतात. ते सुनापरान्तात, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या मुलखात, धम्म सांगायला निघतात. तिथले लोक फार कडक आहेत, शिव्या देतील, मारतील, मग काय करशील, असे भगवंत त्यांना विचारतात. मारले तरी त्यांनी जीव घेतला नाही, हा त्यांचा चांगुलपणाच मी मानीन, अशा अर्थाचे उत्तर पुण्ण देतात. आपल्या मुलखाला धम्म अशा माणसांनी आणून दिला आहे.

सोपाऱ्यात एक मातीचा उंचवटा होता. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खोदला. हे पंडितजी मूळचे जुनागढचे. इंग्रजी शाळेचे फारसे शिक्षण नाही, पण जुनी लिपी वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नाणेघाटाच्या लेखांवर त्यांनी काम केले, आणि पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली.

उंचवट्याच्या मध्यभागी विटांची छोटी खोली लागली. तिच्यात दगडाची एक गोल पेटी. झाकण काढले तर मधोमध तांब्याचा करंडक, आणि त्याच्याभोवती गोलाकार बसवलेल्या आठ लहान बुद्धमूर्ती. विपस्सी, सिखी, वेस्सभू, ककुसंध, कोणागमन, कस्सप आणि गौतम हे सात बुद्ध, आणि आठवे मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्यात सोन्याचा करंडक. एकात एक, एकात एक. सोबत सोन्याच्या पत्र्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे. आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याची तेरा लहान खापरे!

हिरे नाहीत, माणके नाहीत. खापरे. भगवंतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कोणीतरी ती इतक्या भक्तीने जपली होती. सोने बाहेर आणि माती आत. धम्म काय आहे हे सांगायला याहून वेगळे प्रवचन लागत नाही.

इथे एक खुलासा केला पाहिजे. ही खापरे खरोखर भगवंतांच्याच पात्राची आहेत, असे सिद्ध करता येणार नाही. आठ मूर्ती घडणीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या मानतात, आणि नाणे मात्र इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. म्हणजे पेटी एकदा पुरून पुढे कधीतरी पुन्हा उघडली गेली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. बाबासाहेबांनी आपल्याला डोळे उघडे ठेवून विचार करायला शिकवले. म्हणून आम्ही सांगतो की, खापरांना नवस बोलायचा नाही. पण त्या खापरांनी एक गोष्ट नक्की सिद्ध केली आहे. याच जिल्ह्याच्या मातीत शेकडो वर्षे, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी बुद्धाला जपले होते. ‘बौद्ध धम्म तुमच्याकडे काल आला’ असे जो म्हणेल, त्याला हे उत्तर आहे.

पंडितजींनी या शोधावर लिहिलेला निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. आणि ही पेटी, करंडक, मूर्ती, फुले हे सगळे टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आले. कुसिनाराच्या मल्लांनी भगवंतांच्या अस्थी नगराच्या सभागृहात ठेवल्या होत्या. चोवीसशे वर्षांनी मुंबईच्या नगर सभागृहात सोपाऱ्याची धातुपेटी आली. आणणाऱ्यांच्या मनात हे नव्हतेही, पण इतिहासाने वर्तुळ पुरे केले.

आमच्या दारावरून गेलेली वाट

सोपारा कुठे आणि सापगाव कुठे, असे कोणी म्हणेल. पण नकाशा मांडून बघा. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल देशावर जायचा तो घाट चढूनच. एक वाट कल्याण, मुरबाड, वैशाखरे करत नाणेघाटाने जुन्नरला. दुसरी थळघाटाने नाशिकला. म्हणजे शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके त्या वाटांवरच आहेत. नाणेघाटातल्या एका लेखात सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. कार्ल्याच्या चैत्यातल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित भिक्खूचे दान कोरलेले आहे. ही माणसे बैलांच्या तांड्यांबरोबर आपल्या भागातूनच गेली असणार. वाटसरूला पाणी मिळावे म्हणून टाके खोदणारा तो गोविंददास आम्हाला आपला पूर्वज वाटतो.

आणि पाण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. तानसा, वैतरणा, भातसा. मुंबई जे पाणी पिते त्यातले कितीतरी आपल्या भागातून जाते. तानसाचे तर १८९२ पासून. टाऊन हॉलच्या नळालाही तेच पाणी. तेव्हा त्या इमारतीवर आपला हक्क नाही असे कोण म्हणेल?

‘सार्वजनिक’ म्हणजे कोणाचे?

हा हक्क मात्र आपोआप मिळाला नाही. सुधारलेल्या मुंबई कायदे कौन्सिलची पहिली बैठक १९ फेब्रुवारी १९२१ रोजी टाऊन हॉलमध्ये भरली. त्याच कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या आणि चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्यांना करू द्यावा, असा तो ठराव. कागदावर ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा पुरा झाला. पण कागद तो कागदच. १९२७ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब त्याच कौन्सिलचे सभासद म्हणून बसले, आणि पुढच्याच महिन्यात, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन त्यांनी तो कागद जिवंत केला.

सभा घ्यायला जागा मिळणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट होती, हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी कार्यकर्त्यांची बैठक बोलावली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये. त्यातूनच २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे कार्यालयही दामोदर हॉलमध्येच होते. सोशल सर्व्हिस लीगचा, गिरणगावातल्या कामगारांचा असा तो हॉल. त्याला आठ खांब नव्हते की संगमरवरी पुतळे नव्हते. पण आपल्या चळवळीचा पाळणा तिथे हलला. ज्या परळमध्ये १८०४ साली साहेबांची सोसायटी जन्मली, त्याच परळमध्ये एकशे वीस वर्षांनी आपली सभा जन्मली. दामोदर हॉलची ती जुनी वास्तू अलीकडेच पुनर्विकासासाठी पाडण्यात आली. टाऊन हॉलची मात्र काही वर्षांपूर्वी डागडुजी होऊन तो पुन्हा पांढराशुभ्र झाला आहे. कोणत्या वास्तू जपल्या जातात आणि कोणत्या पाडल्या जातात, यावर वाचकांनीच विचार करावा.

आम्ही पायऱ्या चढलो तो दिवस

हे सगळे वाचनात आल्यावर आम्हाला राहवेना. विहारातली पंधरा-वीस मंडळी, त्यात म्हाताऱ्या बाया आणि शाळेची मुले, असे आम्ही आसनगावहून लोकलने निघालो. सीएसएमटीला उतरलो. समोर महापालिकेची मोठी इमारत दिसते. मुले म्हणाली, हाच टाऊन हॉल का? त्यांना सांगितले, नाही रे, ती १८९३ ची. आपल्याला चालत पुढे जायचे आहे.

हॉर्निमन सर्कलचा वळसा घेतला आणि तो दिसला. आमच्यातली सगळ्यांत वयस्कर आजी पहिल्या पायरीशीच थांबली. चप्पल काढायला लागली. आम्ही म्हटले, “आजी, अहो राहू द्या, इथे चप्पल काढायची नसते.” तर ती म्हणाली, “आरं, आत भगवंतांचं पात्र हाय ना? मग काढायची नाय तर काय?” आणि मग हळूच, आम्हाला एकट्यालाच ऐकू जाईल अशा बेताने, “पोरा, वर जाऊ देतील ना आपल्याला?”

धम्मबांधवांनो, त्या एका प्रश्नात शंभर वर्षांचा इतिहास होता. तिच्या आईने गावच्या विहिरीवर पाणी वाढून घेण्यासाठी तासन्‌तास वाट पाहिलेली. आम्ही तिचा हात धरला. तीस पायऱ्या चढताना ती चारदा थांबली, पण चढली. कोणी अडवले नाही. वर गेल्यावर खांबाला हात लावून ती बराच वेळ उभी राहिली. खालून मुले ओरडत होती, “आजी, इकडे बघ, फोटो!”

पेटी मात्र आम्हाला पाहता आली नाही. चूक आमचीच. असल्या मौल्यवान वस्तू कुलपात असतात, आधी लेखी अर्ज करावा लागतो, हे आम्ही विचारात घेतलेच नव्हते. उत्साहाच्या भरात नुसतेच निघालो होतो. आजी काही बोलली नाही. परतीच्या लोकलमध्ये एवढेच म्हणाली, “पुढल्या टायमाला कागद लिहून न्या. आन मी आसले तर मला न्या.”

पुढल्या वर्धापनदिनापर्यंत

आजीच्या त्या वाक्याने आम्हाला दोन कामे लावून दिली. पहिले काम म्हणजे तो अर्ज. विहाराच्या लेटरहेडवर तो लिहून झाला आहे आणि या महिन्यात टपालात पडेल. उत्तर येईल तेव्हा फळ्यावर लावू. येऊ इच्छिणाऱ्यांनी नावे द्यावीत. म्हाताऱ्या माणसांना पहिला मान.

दुसरे काम त्याहून मोठे. टाऊन हॉलचा इतिहास आम्हाला लिहिता आला, कारण त्याचे कागद कोणीतरी जपले. सोपाऱ्याचा इतिहास कळला, कारण दानाची नोंद दगडावर कोरली होती. आपल्या विहाराचे काय? पहिली वीट कोणी दिली, वाळू कोणाच्या बैलगाडीतून आली, कोणत्या बाईने मंगळसूत्राचे मणी मोडून पैसे दिले, हे सगळे आज चार-पाच म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. त्यांच्याबरोबर ते जाईल. टाऊन हॉलच्या मजुरांची नावे गेली, तशी आपल्याही माणसांची नावे आपल्याच हातून जाणार का?

म्हणून विनंती अशी. प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांना विचारून एक पान लिहून आणावे. शुद्धलेखनाची काळजी नको. शाळेतल्या मुलांनी लिहून घ्यावे, म्हाताऱ्यांनी सांगावे. जुन्या पावत्या, फोटो, देणगीची वही कोणाकडे असेल तर आणून द्यावी. झेरॉक्स काढून परत करू. पुढच्या स्मरणिकेत ती पाने जशीच्या तशी छापण्याचा आमचा मानस आहे.

आपला विहार म्हणजे आपले संथागार. इथे वंदना होते, लग्ने लागतात, भांडणे मिटतात, मुले अभ्यासाला बसतात, बायकांच्या बचत गटाची बैठक होते. त्याला डोरिक खांब नाहीत आणि पायऱ्याही तीनच आहेत. पण त्या तीन पायऱ्यांवर उभे राहून आजवर कोणाला विचारावे लागले नाही, “वर जाऊ देतील ना?” ही गोष्ट टिकवायची आहे.

भवतु सब्ब मंगलम्‌.

जय भीम! नमो बुद्धाय!